शेऱ्याचा रकाना

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, तेव्हा माझ्याकडे प्रेमाने बघायचं काही कारण नाही. माझ्यावर कुणी बाराखडी गिरवली नाही. मी एस. टी. स्टँडावरचा फळा, माझ्यावर गाड्यांच्या वेळा लिहीत. सध्या मी अकोटकडच्या चिंचखारी नावाच्या गावात, फाट्यावरच्या निवाऱ्याच्या भिंतीला टांगलेला आहे, आणि मला माणसांचा वीट आला आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटी काही गोड ऐकायला मिळेल या आशेवर कुणी ताटकळायला नको.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. सागवानाच्या चार फळ्या जोडून, चौकट ठोकून, काळा रंग देऊन त्याने मला उभं केलं. मग पांढऱ्या रेघांनी माझ्यावर पाच रकाने आखले गेले. कुठून, कुठे, मार्गे, वेळ आणि शेवटी शेरा. पहिल्या चार रकान्यांत गाडीने काय करायला हवं ते असे. तिने प्रत्यक्षात काय केलं ते शेऱ्यात येई. 'नाल्याला पूर, रद्द.' 'टायर फुटला, दीड तास उशीर.' म्हणून शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला होता.

एकतीस वर्षं मी तालुक्याच्या एका लहान स्टँडावर काढली. त्या काळात माणूस मला जेवढा कळला तेवढा पुरे झाला. माझ्या खालच्या कोपऱ्यावर लोक खर्रा थुंकत. थुंकायच्या आधी इकडेतिकडे बघत, म्हणजे लाज होती, पण थुंकत. मूळव्याधीच्या दवाखान्याच्या जाहिराती माझ्या छातीवर चिकटवत. आणि माझ्याकडे पाठ करून, माझ्याच चौकटीला टेकून विचारत, "काहो, अकोटची गाडी कितीक वाजता हाय?" वेळ त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर लिहिलेली असे.

त्यांना उत्तर देणारा माणूस म्हणजे संघपाल तेलगोटे, त्या स्टँडचा कंट्रोलर. हा चिंचखारीचा. एवढा एकच माणूस मला कधी किळसवाणा वाटला नाही. सकाळी ड्युटीवर आला की आधी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायचा. खडू वाटीत पाण्यात भिजत घालायचा, कारण भिजलेल्या खडूचं अक्षर ठसठशीत उमटतं आणि वाऱ्याने उडत नाही. मग एकेक वेळ लिहायचा, तीही अशी की आकड्यांनी रांगेत उभं राहावं. त्याचं अक्षर बघायला कुणी थांबत नसे. तो मात्र लिहून झालं की चार पावलं मागे सरून स्वतःच बघायचा.

पुढे स्टँडावर लाल आकड्यांची पळती पाटी आली आणि मला मुतारीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तिथले दिवस मी सांगत नाही. संघपाल निवृत्त झाला त्या महिन्यात त्याने रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं आणि 'छोटा हत्ती' टेम्पोत घालून घरी नेलं. दारात मला बघून त्याची बायको ज्योत्स्ना म्हणाली, "हे धूड घरात कोठी ठेवता? याच्यापेक्षा एखादं कपाट आणाचं होतं."

"घरात नाही ठेवत. फाट्यावर लावतो. गावाचं टाइमटेबल लिवतो याच्यावर."

गावाचं टाइमटेबल म्हणजे काय, ते ज्योत्स्नाला तेव्हा कळलं नाही आणि मलाही नाही. त्याचं मूळ दोन वर्षं आधीचं होतं. संघपालचे वडील पुंजाजी वारले. शोकसभेत एका पाहुण्याने सहज विचारलं, "तुमचे लोक मूळचे कुठले?" भाऊ, चुलत भाऊ, पुतणे अशी वीस माणसं बसली होती, एकालाही सांगता आलं नाही. ज्याला माहीत होतं तो फोटोत होता आणि फोटोला हार घातलेला होता. संघपालला ते लागलं. आयुष्यभर लोकांना गाडी कुठून आली आणि कुठे जाते ते सांगितलं, आणि आपण कुठून आलो ते माहीत नाही, असं तो ज्योत्स्नाला म्हणाला होता.

म्हणून त्याने माझे रकाने तसेच ठेवले. गावातलं एकेक घराणं कुठून आलं, मार्गे कसं आलं, कोणत्या साली आलं आणि शेरा. संध्याकाळी वही घेऊन घरोघर जायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, सकाळी खडू भिजवून माझ्यावर लिहायचं. ज्योत्स्ना म्हणायची, वहीत लिहिलं तरी बस्स आहे ना. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "वहीत काय, कोणी बी खरं लिवते. गावाच्या डोळ्यासमोर राह्यलं पायजे."

आता मी गावकऱ्यांविषयी सांगतो.

पहिल्या महिन्यात माझ्यावर एकोणीस घराणी लिहिली गेली. एकोणीसच्या एकोणीस घोड्यावरून आली. कुणी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतून आलं, कुणी निजामाची सनद घेऊन आलं, पण खाली पाय ठेवून या गावात कुणी आलंच नाही. संघपाल चिवट माणूस. तो विचारायचा, "घोडं बांधत कोठी होते?"

"आता ते मले काय मालूम? होतं घोडं, बस."

"रंग कोणता होता?"

"पांढरा लिवा."

सगळ्यांची घोडी पांढरी. एवढी घोडी खरंच आली असती तर गावातली ज्वारी माणसांना उरली नसती. आणि प्रत्येकाला आपली ओळ पहिली हवी. "आमच्या आंधी त्याहिचं नाव कसं?" म्हणून दोन शेजारी माझ्यासमोर कॉलर धरेपर्यंत गेले. बाजूला म्हशी पाणी पीत होत्या. त्या पाळीने पीत होत्या.

खरं बोलणारी पहिली निघाली कौशल्याबाई, एका शेतकरी घरची म्हातारी. निवाऱ्यात गाडीची वाट बघत बसली होती. घोड्यांची यादी कुणीतरी मोठ्याने वाचत होतं, ते ऐकून तिला हसू आलं.

"संघपालभाऊ, माह्या सासऱ्याच्या बापाचं मले मालूम हाय. पायी आले ते. तिकडं दुष्काळ पडला होता. बायकोच्या कडेवर एक लेकरू आन पोटात एक. लिवा तसंच, काय लाजाचं हाय त्याच्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर ओळ आली. कुठून : जालन्याकडून. मार्गे : पायी. शेरा : दोन दिवसांचे उपाशी होते, गावाने भाकर दिली. मला तो शेरा फार आवडला. एवढं सरळ वाक्य माझ्यावर पूर आणि टायरनंतर पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं.

संध्याकाळी तिचा मुलगा धर्मेंद्र आला. रुमालावर थुंकला, 'पायी' पुसलं आणि वेड्यावाकड्या अक्षरात 'घोड्यावर' लिहिलं. थुंकीने पुसलं, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी संघपालने विचारलं तर म्हणाला, "पोरीची सोयरीक चालू हाय काका. पाहुणे याच फाट्यावर उतरतीन. उपाशी आले असं वाचलं तर काय म्हणतीन?"

"त्या पाहुण्याईचे पणजे तरी कोणते जेवून निंघाले होते?" संघपाल म्हणाला.

अकरा दिवस हे चाललं. सकाळी पायी, संध्याकाळी घोड्यावर. मग पोरीचं लग्न ठरलं आणि धर्मेंद्रला माझी आठवण राहिली नाही. ओळ 'पायी' म्हणून टिकली. सत्य टिकवायचं असेल तर आधी गावातल्या पोरींची लग्नं उरकावी लागतात, असं मला त्या दिवशी कळलं.

पण ही सगळी चिल्लर भांडणं. खरी गोष्ट विहिरीची आहे.

चिंचखारी खारपाणपट्ट्यात येते. जमीन काळी, कापूस-तूर झकास पिकते, पण खोदलं की पाणी खारं लागतं. त्यात डाळ शिजत नाही आणि चहाचं दूध फाटतं. अख्ख्या शिवारात एकच विहीर गोड निघाली. तिला पाटलाची विहीर म्हणतात. आता योजनेचं पाणी नळाला येतं, विहिरीवर जाळी टाकली आहे, तरी गावाचा सगळा तोरा त्या विहिरीवर. लग्नपत्रिकेतसुद्धा 'गोड्या विहिरीचे चिंचखारी' असं छापतात.

तिची ओळ लिहायची म्हणून संघपाल सुंदराबाईला घेऊन आला. ही त्याची लांबची आत्या, गावचीच लेक, गावातच दिलेली. वय अठ्ठ्याऐंशी. तिला लिहितावाचता येत नाही. निवाऱ्याच्या बाकावर बसून, काठी पायांत धरून तिने सांगितलं आणि मी ऐकलं.

"आठ वर्षाची होती मी. माहा बाप डोमाजी आन त्याच्यासंगं तिघं. पाटलानं वावरात जागा देली, मजुरी देली. दोन खड्डे खारे निंघाले. तिसऱ्याले छप्पन्न हात गेले. मी टोपल्यानं माती वाहे. पाणी लागलं तवा बाप खाली होता. ओंजळीनं पेला आन खालून वरडला, गोडं हाय, गोडं हाय! वरचे सारे नाचाले लागले. मी बी नाचली."

"मंग?"

"मंग काय. बाप दोरानं वर आला. दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आन आमाले सांगतलं, आता काठावर येजा नोका. आमी गाडगं घेऊन लांब उभं राहाव. कोणाले दया आली तर वरून वाढे."

"किती दिवस, आत्या?"

"दिवस काय मोजतं? दीक्षा घेतली ना, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आपलीच माणसं गेली आन बादली सोडली. बापानं आपल्या हातानं काढून घोट घेतला. लय रडला बुढा. म्हणे, चव तेच हाय."

संघपालने सगळं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त वेळ खडू भिजवला. कुठून : छप्पन्न हात खालून. कुठे : घरोघरी. मार्गे : डोमाजी आणि सोबतचे तिघे, टोपली वाहणारी सुंदरा, वय आठ. वेळ : १९४४. शेरा : जागा व मजुरी पाटलांची. पहिला घोट डोमाजीचा. आपल्या हाताने दुसरा घोट १९५८.

चौदा वर्षांचा हिशेब त्याने मांडला नाही, तो वाचणाऱ्यावर सोडला. लोक आले, ओठ हलवत वाचलं आणि गाडीच्या गोष्टी करू लागले. कुणी पुसलं नाही. पुसायचं म्हणजे चारचौघांत पुढे यावं लागतं, आणि हे काही पोरीच्या सोयरिकीसारखं नव्हतं. सुंदराबाई आली, तिने ओळ कुठे आहे ते विचारून घेतलं आणि खडूला धक्का न लावता तिच्या खाली बोट धरून उभी राहिली. तो दिवस माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता. असा दुसरा सांगायला माझ्याकडे नाही.

तिसऱ्या दिवशी खुशालराव आले. ज्या पाटलांनी जागा दिली, त्यांचे हे नातू. माजी सरपंच, सध्या सून रागिणी सरपंच आहे, म्हणजे सही तिची आणि तोंड यांचं. खुशालरावांनी शेरा दोनदा वाचला. मला वाटलं, आता भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी संघपालच्या खांद्यावर हात ठेवला.

"संघपालभाऊ, लय मोठं काम करून राहिले तुमी. पण किती दिवस खडूनं लिवान? पाण्याचा एक सपकारा आला की पुसलं. आता विहिरीले ऐंशी वर्षं होऊन राहिले. कार्यक्रम घेऊ, मांडव टाकू, सुंदराबाईचा सत्कार करू. आन हा फळा ऑइलपेंटनं पक्का करून टाकू. पिढ्यान् पिढ्या हालणार नाही. कसं?"

आणि हा माझा शहाणा माणूस विरघळला! डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. सारी हयात खडूनं लिहून रोज पुसण्यात गेलेली. आपलं अक्षर कधी पक्कं होईल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याने सगळ्या ओळी एका कागदावर सुवाच्य उतरवून खुशालरावांच्या हातात दिल्या. घरी ज्योत्स्ना म्हणाली तेच खरं होतं. ती म्हणाली, "तुमी समोर उभं राहून लिवून घ्या."

"खुशालरावानं शब्द देला ना."

"शब्द देला, ब्रश तर नाही देला."

पण तिच्याच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला ठरलेलं होतं. दोघं तीन दिवसांसाठी तिकडे गेले.

त्या तीन दिवसांत श्याम पेंटर आला. हा पंचक्रोशीतल्या भावी आमदारांचे, भावी सरपंचांचे फलक रंगवतो. त्याने थिनरचा बोळा फिरवून माझ्यावरचा सगळा खडू, सगळ्या रेघा काढल्या. मग चकचकीत काळ्या रंगाचे दोन हात दिले. असा चकचकीत की माझ्यात रस्त्यावरची कुत्री दिसायला लागली. मी घुसमटलो. त्याने रकाने पुन्हा आखले आणि खुशालराव खुर्ची टाकून समोर बसले.

श्याम कागद बघून म्हणाला, "भाऊ, विहिरीच्या ओळीत डोमाजी हाय."

"जागा पुरत नाही."

"शेऱ्याचा रकाना तर पुराच मोकळा हाय."

"तथी सौजन्य लिव. माहं नाव, रागिणीचं नाव, मोबाइल नंबर." मग जरा वेळाने, श्यामने काही विचारलं नव्हतं तरी, ते म्हणाले, "हे पाय, आमच्या आज्यानं वावर देलं, मजुरी देली. ह्याच्यात खोटं काय हाय? तवा साऱ्याच गावात तसंच होतं. मेलेल्या माणसाईची उणीदुणी काहून काढा?"

"मले काय भाऊ, म्हणान ते लिवतो," श्याम म्हणाला आणि ब्रशचं टोक ओठांनी सारखं केलं.

मला या दोघांत जास्त किळस श्यामची आली. खुशालराव आपल्या आज्यासाठी तरी खोटं बोलत होते. हा कुणाचाच नव्हता. बरं, अक्षर त्याचं देखणं, अगदी छापल्यासारखं. त्या देखण्या अक्षरात त्याने लिहिलं : 'गोड्या विहिरीचे जनक, दानशूर कै. पाटील साहेब, १९४४.' खाली जागा उरली म्हणून एक कलश काढला. सगळी घराणी पुन्हा घोड्यावर बसली. कौशल्याबाईचा उपाशी आजेसासरासुद्धा बसला. मग माझ्यावर पडदा टाकून वर लाल रिबीन बांधली.

कार्यक्रमाच्या सकाळी फाट्यावर मांडव पडला. गाव लोटलं. जिल्ह्याचे कोणी पाहुणे होते, ते येईपर्यंत माइकवर 'हॅलो, हॅलो' चाललं. संघपाल इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला; अमरावतीहून आदल्या रात्रीच परतला होता. पडद्याआडून मी त्याचा आवाज ओळखला. तो कुणाला तरी सांगत होता, "पक्कं केलं आता. माह्या नातवाचे नातू वाचतीन."

सुंदराबाईला मंचावर बसवलं. शाल, श्रीफळ झालं. 'गावातील ज्येष्ठ नागरिक' एवढंच तिच्याविषयी सांगितलं गेलं. मग तिच्याच हातून रिबीन ओढवली. पडदा पडला, टाळ्या कडाडल्या. माझ्यासमोर चारशे माणसं होती आणि वाचता येणाऱ्यांपैकी प्रत्येकाने वाचलं. टाळ्या थांबल्या नाहीत.

सुंदराबाईच्या हातात माइक होता, आभाराचे दोन शब्द बोलायला दिलेला. तिने मागे वळून विचारलं, "संघपाल, माह्या बापाची ओळ कोणती रे?"

संघपाल माझ्याजवळ आला. मी त्याचा चेहरा एकतीस वर्षं रोज सकाळी वीतभर अंतरावरून पाहिला आहे. असा कधी पाहिला नव्हता. त्याची नजर वरपासून खालपर्यंत गेली, शेऱ्याच्या रकान्यात मोबाइल नंबरावर थांबली, परत वर आली. खुशालराव जागेवरून म्हणाले, "संघपालभाऊ, पाव्हण्याले उशीर होऊन राहिला." संघपालने आत्याचा माइक आपल्याकडे ओढला. विहिरीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागला.

"कुठून : छप्पन्न हात खालून. कुठे : घरोघरी. मार्गे : डोमाजी आन सोबतचे तिघे. टोपली वाहणारी सुंदरा, वय आठ. वेळ : एकोणीसशे चव्वेचाळीस. शेरा : पहिला घोट डोमाजीचा. आपल्या हातानं दुसरा घोट..."

माइक बंद झाला. माइकवाल्याला कुणी खुणावलं ते मी पाहिलं, पण सांगून काय उपयोग. संघपालने उरलेलं तसंच, माइकशिवाय, ओरडून पूर्ण केलं. पहिल्या चार रांगांना तरी ऐकू गेलं असेल.

सुंदराबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं वाचलं बाप्पा. पण तू फळ्याकडे पाहेच ना. माह्याकडे पाहून वाचत होता." जरा थांबून तिने विचारलं, "लिवेल नाही ना?"

"नाही, आत्या."

"मंग काय लिवेल हाय तथी?"

"पाटलानं विहीर देली, एवढंच."

तिने खांद्यावरची शाल काढली. मंचावरून उतरायला तिला वेळ लागला, कुणी हात दिला नाही. माझ्यापर्यंत आली आणि ती शाल माझ्या चौकटीवर टाकून म्हणाली, "झाका हे. उघडं नोका ठेवू." नारळ खाली जमिनीवर ठेवला आणि काठी टेकत घरी गेली. तिच्यामागे आणखी सात-आठ माणसं उठली. कौशल्याबाई त्यांत होती. ती कुठल्याच जमातीची पुढारी नाही, साधी आपल्या पायाने उठली आणि गेली.

बाकीचे बसून राहिले. आता तुम्हाला वाटेल, गावाची मान खाली गेली असेल, कुणी माफी मागितली असेल. छे! पाहुण्यांचं भाषण झालं. 'इतिहास जपला पाहिजे' असं ते सात वेळा म्हणाले. मग पंगती बसल्या. आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. गाव पोटभर जेवलं, बुंदी पुन्हा पुन्हा मागून घेतली. आणि हात धुवायला टाकीशी गर्दी होती म्हणून काही जणांनी तेलकट हात माझ्यावरच्या शालीला पुसले. मी मोजले, नऊ जण होते. त्यांतले दोघे संघपालचे सख्खे पुतणे होते. एकतीस वर्षं माझ्या अंगावर थुंकणाऱ्यांना मी आज माफ करतो. ते बिचारे अनोळखी तरी होते.

संध्याकाळी ती शाल कुणीतरी काढून नेली. तेल धुतलं की नवीच होती.

आता माझ्यावर सगळं पक्कं आहे. पाणी लागलं तर ओघळून जातं. संघपाल सकाळी येतो. पहिल्या आठवड्यात त्याने खडू भिजवून सौजन्याच्या वर लिहायचा प्रयत्न केला. चकचकीत रंगावर खडू सरकतो, उमटत नाही. अक्षराच्या जागी पांढरा चिखल झाला. तो त्याने फडक्याने पुसला आणि बाकावर बसून राहिला.

आणि आता ज्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो तो माणूस सांगतो. तो खुशालराव नव्हे, श्याम नव्हे. तो संघपाल. ज्योत्स्नाने दुकानातून पॉलिश पेपरची तीन पानं आणून त्याच्या खिशात घातली आहेत. एका सकाळचं काम आहे. एक ओळ खरवडायची, बस. पण हा जन्माचा नियमवाला! त्याने ग्रामपंचायतीत अर्ज केला. तिथे सांगितलं, निवारा पंचायतीचा, तेव्हा त्यावरचा फळाही आता पंचायतीची मालमत्ता आहे, खरवडायचा तर ग्रामसभेचा ठराव लागेल. पहिली ग्रामसभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. दुसरीत विषय पत्रिकेवर नव्हता. तिसरीची तारीख लागलेली नाही. हा पोच पावती घडी घालून खिशात ठेवतो, पॉलिश पेपरच्या शेजारी, आणि वाट बघतो.

"माह्या मालकीचं असतं तर आत्ताच्या आत्ता घासलं असतं," असं परवा तो ज्योत्स्नाला म्हणाला.

ज्योत्स्ना म्हणाली, "ते विहीर तरी डोमाजीच्या मालकीची होती काय? खणलीच ना त्यानं."

 त्याने खिशातून एक पान बाहेर काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं. 

रोज सकाळी साडेआठच्या गाडीच्या आधी सुंदराबाई येते. तिला वाचता येत नाही, विचारायचं तिने सोडून दिलं आहे. ती फक्त विहिरीची ओळ जिथे आहे तिथे तळहात ठेवते आणि डावीकडून उजवीकडे फिरवते. पार शेऱ्यापर्यंत. टोपली वाहिलेला हात आहे तो, अजून कडक आहे. रंग तसाच असेल तर हात सरकतो, घासलेला असेल तर अडेल, एवढं तिला पुरतं.

"अजून गुयगुयीतच हाय," ती म्हणते आणि निघून जाते.

मला तुमचा सत्कार नको, सौजन्य नको, तो कलशही नको. निवाऱ्यात बसलेले तुम्ही, गाडीची वाट बघणारे, ज्यांच्या खिशात दोन रिकामे हात आहेत, तुमच्यातल्या कुणीही उठा. ठराव होईल तेव्हा होईल. संघपालच्या खिशात पॉलिश पेपर आहे, तो काढून घ्या, त्याच्याही हातात एक द्या, आणि मला खरवडा. लाकूड दिसेपर्यंत खरवडा, मी ओरडणार नाही. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. उद्या सकाळी तिचा हात माझ्यावरून फिरेल, तेव्हा तो एका जागी अडला पाहिजे.